ताटाखालचं बारसं

नवव्या कॅम्पात पुरुष भाताएवढे आणि बायका मिठाएवढ्या. उसाच्या मळ्यात राबायला समुद्र ओलांडून आलेले सगळे आमच्या इलोकोस मुलखाचे गडी. कुणाची बायको गावी, कुणाची मनात, कुणाची तर मनातही नाही. अशा ठिकाणी ज्या चार-पाच बायका होत्या त्यांचा रुबाब काय विचारता! त्यातही पोसिंगचा सगळ्यांत जास्त. खरं नाव सिंफोरोसा, पण एवढं लांबलचक नाव कुणी पुरं घेईपर्यंत ती काम उरकून पुढच्या घरी पोचलेली असायची, म्हणून पोसिंग. वयाने मोठे असलेले बाप्येसुद्धा तिला मानांग म्हणायचे, म्हणजे ताई. ठेंगणी, गोल, हसली की डोळे गायब. चालायची मात्र अशी, की रस्त्यानेच जरा बाजूला व्हावं.

ती बाताक गावची, विणकरणीची पोर. आई दिवसभर मागावर आणि बाप दिवसभर कोंबड्यांच्या मागे. त्यामुळे पोसिंगने लहानपणीच ठरवून टाकलं होतं, की आपल्याला बगलेत कोंबडा असलेला नवरा नको. मागणी घालायला जे जे आले ते सगळे बगलेत कोंबडा घेऊनच आले. एकटा हेर्मेनेगिल्दो तेवढा मोकळ्या हातांनी आला, भांग पाडून, टोपी छातीशी धरून. पोसिंगने तिथल्या तिथे हो म्हटलं. लग्नानंतर कळलं, की पठ्ठ्याने कोंबडा बाहेर कुंपणाला बांधून ठेवला होता.

आता झालं ते झालं. तसा गिल्दो माणूस म्हणून सोनं. पगाराच्या शनिवारी कॅम्पात काय काय चालायचं ते तुम्हाला ठाऊक नसलं तर बरंच आहे. या खोलीत पत्ते, त्या खोलीत फासे, फळ्यांच्या जमिनीखाली पुरलेली अननसाची दारू, आणि गावातून नाचणाऱ्या पोरी भरून येणारा तो ट्रक. एका गाण्याला एक तिकीट, गाणं संपलं की पोरीचा हात दुसऱ्याच्या हातात. मळ्याचा गोरा साहेब या सगळ्याला नावं ठेवायचा, पाद्रीही ठेवायचा. पण दिवसभर उसात वाकून आलेल्या माणसाला दारात ‘आलास का?’ म्हणणारं कुणी नसेल, तर तो पत्त्यांतल्या राणीकडेच बघणार ना! गिल्दोला मात्र दारूने उलटी व्हायची, पत्ते बघून झोप यायची, आणि नाचात तो पोरींच्या पायावर पाय द्यायचा. एकच व्यसन असलेला नवरा म्हणजे निर्व्यसनीच, असं पोसिंग म्हणायची. आणि ते एक व्यसन पायाला दोरी बांधून अंगणात उभं असायचं. तांबडाभडक कोंबडा, काळी शेपटी, नाव हेनेराल. म्हणजे सेनापतीच!

या सेनापतीची सकाळ कशी उजाडायची ते ऐका. गिल्दो तोंडात पाण्याची चूळ धरून ती फुर्रकन त्याच्या तोंडावर उडवणार, तेलाने मांड्या चोळणार, पिसांत चिरुटाचा धूर सोडणार, कानात गोड गोड बोलणार. मुलगी झाली तेव्हा पोसिंग म्हणाली, “गिल्दो, एखाद्या दिवशी चुकून त्याच्याऐवजी हिला तेल लाव की. मी सांगायची नाही त्याला.”

मुलगी झाली ती मेणबत्त्यांच्या सणाला, म्हणून तिचं नाव कान्देलारिया ठेवायचं ठरलं. पण पाद्री कॅम्पात येणार तेव्हा येणार. तोवर पोर बिननावाचीच रांगायला लागते की काय असं झालं होतं. शेवटी निरोप आला, येत्या रविवारी सकाळी पाद्री मिस्साची प्रार्थना करणार आणि बाप्तिस्माही देणार.

आणि पोसिंगचं दुसरं लेकरू म्हणजे तिचं मशीन. पायाने चालवायचं, काळं, सोनेरी नक्षीचं. एक जपानी शिंपी आपल्या गावी परतताना ते विकून गेला होता. ते घ्यायला पोसिंगने अख्ख्या कॅम्पाची लाल मातीने माखलेली धुणी धुतली होती. मशीन आलं तसं धुणं गेलं. आता गड्यांच्या विजारी, उसाची पाती कापू नयेत म्हणून पायांना गुंडाळायचे जाड कापडाचे मोजे, शनिवारच्या नाचाचे शर्ट, सगळं तिच्या हातचं. मशीनवर बसली की तिचा पाठकणा ताठ व्हायचा, आईचा मागावर व्हायचा तसा. परमुलखात आईची आठवण ती अशी चालवायची, पायाने.

त्या आठवड्यात सोमवारपासूनच घरी गर्दी.

“मानांग, माझी विजार झाली का?”

“अजून कापडाला कात्री लागली नाही. पुढच्या आठवड्यात बघू.”

“पुढच्या आठवड्यात नको. रविवारच्या आत दे.”

“का रे, रविवारी लग्न आहे तुझं?”

“नाही... पण आतच बरं पडेल.”

दुसरा आला, रविवारच्या आत. तिसरा आला, रविवारच्या आत. एकाने तर अर्धीच शिवलेली विजार उचलली आणि म्हणाला, “राहू दे, दुसरा पाय मी हाताने घालीन.” पोसिंगला आधी वाटलं, पाद्री येतोय म्हणून सगळ्यांना धर्म आठवला. मग आला देमेत्रियो. मनाने लोणी आणि तोंडाने गळकी बादली.

“मानांग, शर्ट तुझ्याच हातचा हवा बघ मला,” तो उंबऱ्यात बसून रडवेला होत म्हणाला. “तो कार्पो मशीन नेऊन करणार काय? केस शिवणार लोकांचे?”

पोसिंगच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या.

“बस, देमेत्रियो,” ती म्हणाली. “भात खाऊन जा.”

भात संपेपर्यंत सगळं बाहेर आलं. कार्पो म्हणजे पोलिकार्पियो, कॅम्पाचा न्हावी. उंच, सुकड्या, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्यासारखा. त्याच्याकडे लाल कातड्याची गोल फिरणारी खुर्ची होती. गावातून बैलगाडीत घालून आणलेली. त्या खुर्चीमागे उभा राहिला की तो राजा. आणि त्याचाही एक कोंबडा होता, पांढराशुभ्र, गळ्याशी जांभळी झाक, म्हणून नाव बिशप. तर शनिवारी गिल्दो खुर्चीत बसला होता, अर्ध्या तोंडाला साबण. कार्पो सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझा सेनापती कसला, ती तर अंड्यावरची कोंबडी आहे.” गिल्दो म्हणाला, “तुझा बिशप समोर आण, त्याचं तेरावंच घालतो.” कार्पो म्हणाला, “काय लावतोस?” आणि आमच्या सोन्यासारख्या माणसाने, अर्ध्या तोंडाला साबण असताना, बायकोचं मशीन लावलं. कार्पोने खुर्ची लावली. रविवारी दुपारी, समुद्राकडच्या काटेरी झाडांच्या रानात, जिथे पोलिसांची मोटार शिरत नाही तिथे, हेनेराल विरुद्ध बिशप.

त्या संध्याकाळी पोसिंगने नवऱ्याच्या ताटात नुसती कारली वाढली.

गिल्दोने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला त्याला कळलं की हिला कळलंय.

“मी शब्द दिलाय, पोसिंग,” तो ताटाकडे बघत म्हणाला.

“शब्द तुझा, मशीन माझं. शब्दच लावायचा होतास. मशीन कशाला लावलंस?”

“हेनेराल हरायचा नाही.”

“आणि जिंकला तर?”

गिल्दोचा चेहरा उजळला. “तर खुर्ची आपली! गोल फिरते ती!”

“बरं. मग मी त्या खुर्चीत बसून काय करू? गोल फिरू? आणि कार्पो कुठे फिरेल? न्हाव्याची खुर्ची गेली की राहिलं काय त्याच्याकडे, नुसता आवाज?”

गिल्दोने आणखी एक कारलं तोंडात घातलं. खोटं बोलता येत नाही हा त्या माणसाचा मोठा दोष, त्यामुळे भांडणातही मजा यायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, तिने मशीन लपवायचं होतं. नाहीतर जाऊन कार्पोच्या अंगावर खेकसायचं होतं. पण कोंबड्यांच्या झुंजीला कागद नसतो, सही नसते. असतो तो शब्द. आणि दिलेला शब्द मागे घेतलेल्या माणसाच्या शेजारी कॅम्पात कुणी जेवायलाही बसत नाही. पुढे पोर मोठी झाली तरी ‘शब्द गिळणाऱ्याची पोर’ म्हणून ओळखली जायची. पोसिंगला मशीनही हवं होतं आणि नवऱ्याची मानही. दोन्ही हवं म्हटल्यावर मग डोकं लागतं, आरडाओरडा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपटी पिळता पिळता तिला बापाची आठवण झाली. बाताकला शेजारच्या अंगणात एक कोंबडेबाज होता, बापाइतकाच वेडा. दोघे सगळ्या गावाशी झुंजी लावायचे, पण एकमेकांशी कधीच नाही. का? तर तो पोसिंगच्या भावाचा धर्मबाप. एक जन्माचा बाप, एक धर्माचा, दोघे एकमेकांचे कोंपारे. पोरामुळे जडलेलं भावाचं नातं, रक्तापेक्षा घट्ट. कोंपारेंनी आपले कोंबडे समोरासमोर आणायचे नसतात. आणले तर वार पोराला लागतो, असं म्हणतात. एकाच पोराला दोन धर्मबाप असले तर तेही आपसात कोंपारेच.

पोसिंगने दुपटं दोरीवर टाकलं, पोरीच्या तोंडावरून ओला हात फिरवला आणि म्हणाली, “चल गं, तुला केस कापायला नेते.”

न्हाव्याच्या खोलीत बाई शिरली तशी आतली हसाहशी बंद पडली. खुर्चीतला माणूस साबणासकट उठून उभा राहिला. कार्पोने वस्तरा खाली ठेवला. त्याला वाटलं, आता ही बाई आपल्याला सोडत नाही.

“मानांग, हे बघ, शब्द तुझ्या नवऱ्याने दिलाय. मला काही बोलू नकोस.”

“मी कुठे काय बोलले?” पोसिंग खुर्चीत बसली. ऐटीत, पोरीला मांडीवर घेऊन. पायाने जरा ढकलून एक गिरकीसुद्धा घेतली. “छान आहे हो खुर्ची. कार्पो, रविवारी सकाळी पोरीचा बाप्तिस्मा आहे.”

“हो, ऐकलं.”

“तर तिचा धर्मबाप तू हो म्हणून सांगायला आले.”

साबण लावून उभं राहिलेलं गिऱ्हाईक मटकन बाकावर बसलं.

कार्पोला या मुलखात येऊन बरीच वर्षं झाली होती. कॅम्पात पोर जन्मलं की लोक धर्मबाप शोधायचे ते शांत, देवभोळे. या भोंग्याला कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्या कॅम्पाच्या हजामती त्याच्या हातून व्हायच्या, पण ज्याला आपलं म्हणावं असं एक डोकं त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

“मी?” तो म्हणाला. आवाज उंदराएवढा.

“नाहीतर काय तुझा बिशप?”

कार्पोने हात पँटला पुसले. एकदा, दोनदा. मग एक लांब बोट पुढे केलं, आणि पोरीने ते धरून थेट तोंडात घातलं. आता पोरीला काय, हाताला लागेल ते ती तोंडात घालायची, उंबऱ्यावर मुंगळा सापडला तर तोही. पण कार्पोचं तिथेच पाणी झालं.

“हो,” तो म्हणाला. “हो, हो. होणार. सगळ्यांनी ऐकलंत ना? मी होणार!”

“ऐकलं,” सगळे म्हणाले. कॅम्पात एवढ्यावर काम पक्कं होतं.

पोसिंग घरी गाणं म्हणत आली. पण कॅम्पातले बाकीचे गडी काही तिच्या बाजूचे नव्हते. वर्षातली सगळ्यांत मोठी झुंज हातची जायची वेळ आलेली. त्यांनी संध्याकाळी कार्पोला घेरलं. आणि न्हाव्याच्या डोक्यातून म्हणा, की त्याच्या भोवतालच्या आगाऊ डोक्यांतून म्हणा, एक युक्ती निघाली. पोसिंगला ती कळली शनिवारी दुपारी. कशी? तर गिल्दो पायरीवर बसून तिच्या रिळातला मजबूत दोरा मेणात ओढत होता. कोंबड्याच्या पायाला पातं बांधायला हाच दोरा लागतो, आणि प्रत्येक झुंजीच्या वेळी तो पोसिंगच्याच डब्यातून नाहीसा होतो.

“उद्या मला लवकर उठव हं,” गिल्दो तिच्याकडे न बघता म्हणाला.

“रविवारी? रविवारी भोंगासुद्धा झोपतो.”

“जरा उजाडायच्या आत.”

“मिस्सा तर ऊन वर आल्यावर आहे.”

गिल्दोने दोरा मेणातून ओढला. पुन्हा ओढला. मेण संपलं तरी ओढत राहिला.

“म्हणजे,” पोसिंग सावकाश म्हणाली, “आधी झुंज, मग बाप्तिस्मा. बाप्तिस्मा होईपर्यंत तुम्ही दोघे एकमेकांचे कोणी नाही.”

“कार्पो म्हणाला, नियमात बसतं.”

“बसतं की! कार्पोची खुर्ची, त्यात काहीही बसतं.” एवढं बोलून ती आत गेली आणि मशीनवर जाऊन बसली. सगळी दुपार मशीन चालू. गिल्दोला वाटलं, बिचारी शेवटचं चालवून घेतेय. त्याने मेण लावलेला दोरा खिशात टाकला आणि हेनेरालला उन्हात न्यायला गेला.

दिवस मावळायला आला, स्वयंपाकघरांतून धूर निघायला लागला, गडी न्हाऊन पायऱ्यांवर विड्या ओढत बसले, आणि तेवढ्यात पोसिंगच्या घरातून पोर रडायला लागली. साधं रडणं नाही. टाहो! काही जण म्हणतात पोसिंगने चिमटा काढला. काही म्हणतात नुसतं दूध द्यायला उशीर केला. आईच्या कामात नाक खुपसायला मी कोण? पोर रडली, एवढं खरं.

पोसिंग पोरीला घेऊन दारात आली. “थांबत नाहीये हो! दुपारपासून नुसती किरकिर! बिननावाची आहे ना, कुणीतरी झोंबलंय तिला. अपो तिनो! अहो अपो तिनो, या लवकर!”

अपो तिनो, म्हणजे तिनो आजोबा, कॅम्पातला सगळ्यांत म्हातारा. तोंडात दात कमी, गोष्टी जास्त. आता गावाकडची जुनी रीत अशी, की पाद्री दूर असेल आणि पोर असं हट्टाने रडायला लागलं, तर जाणत्या माणसाने घरातच ताट, पाणी आणि दिवा घेऊन त्याला नाव द्यायचं. ताटाखालचं बारसं म्हणतात त्याला. पाद्री त्याला नाक मुरडतो. पण आमच्याकडच्या कितीतरी पोरांना पहिलं नाव ताटाखालीच मिळालंय, आणि ती सगळी ठणठणीत आहेत. आणि या बारशाचा धर्मबाप तो त्या घटकेपासून धर्मबाप. पाद्री मागाहून फक्त शिक्का मारतो.

अपो तिनो काठी टेकत आले. पोसिंगने लाकडी ताट पुढे केलं. म्हाताऱ्याने ताटाकडे बघितलं, पोसिंगकडे बघितलं, पायरीखाली कोंबडा बगलेत घेऊन उभ्या असलेल्या गिल्दोकडे बघितलं, आणि त्यांच्या बिनदातांच्या तोंडावर असं हसू आलं की विचारू नका. म्हातारा जुना कोंबडेबाज होता, त्याला एकदम उमगलं.

“धर्मबाप कुठाय?” ते गरजले. “पोर निळी पडली तर? बोलवा!”

कार्पो धावत आला, एका हातात साबणाचा कुंचला तसाच. मागून अर्धवट दाढीचं गिऱ्हाईकही धावत आलं.

“पण पाद्री उद्या...” कार्पो म्हणाला.

“उद्यापर्यंत रडू दे म्हणतोस?” पोसिंगने पोर त्याच्या हातात दिली. “धर्मबाप ना तू? सगळ्यांदेखत हो म्हणालास ना?”

पोर त्याच्या कानाशी किंचाळली. कार्पो गडबडला, झुलवायला लागला, आणि आपल्या भोंग्याच्या आवाजात तिला गावाकडचं कापणीचं गाणं म्हणायला लागला. पोर दचकली, त्याच्याकडे टकामका बघायला लागली आणि गप्प झाली. कदाचित तिला वाटलं असेल, याच्यापुढे आपलं काय चालणार! पण कार्पोने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

“ओता पाणी, अपो,” तो म्हणाला.

दिवा लावला, पोरीच्या डोक्यावर ताट धरलं, पाणी ओतलं, कान्देलारियाला नाव मिळालं. पोसिंगने एक गुलाबी फीत काढून कार्पोच्या सदऱ्याला टोचली. अशी फीत म्हणजे धर्मबापाची खूण. देमेत्रियो पुढे सरकला. “मानांग, मीपण होऊ का?” आमच्या कॅम्पात ते नवं नव्हतं. ज्याला घरदार नाही, त्याला एखादं पोर तरी आपलं हवं असतं. पोसिंगने टोपली पुढे ओढली. टोपलीत फितींचा ढीग. दुपारभर मशीन कशासाठी चाललं होतं ते आता कळलं का?

“आज काय, जो येईल त्याला धर्मबाप,” ती म्हणाली. “पोर दुबळी आहे, तिला जितके बाप तितके बरे. गिल्दो, उभा काय राहिलास? बोलव ना सगळ्यांना!”

आणि गिल्दो, आमचा भाबडा गिल्दो, पोरीच्या आनंदाने वेडा झाला. हेनेरालला कुंपणाला बांधून तो पायरीवर चढला आणि एकेकाला हाका मारायला लागला. “ये रे, तूही ये! कोंपारे! तूपण कोंपारे!” एकेकाला मिठी, एकेकाला फीत. ज्यांच्याकडे कोंबडे होते ते सगळे आले, कारण कोंबडेवाला माणूस सगळ्यांत एकटा असतो, एवढं पोसिंगला माहीत होतं. कुणी पोरीचा पाय धरला, कुणी कपाळ. अननसाची एक बाटलीही निघाली, कुठून ते विचारू नका. सगळे एकमेकांच्या गळ्यात. “कोंपारे! माझ्या कोंपारे!” कार्पो आणि गिल्दो तर असे बिलगले, की कुंचल्याचा साबण गिल्दोच्या दुसऱ्या गालाला लागला. गेल्या शनिवारी राहिलेल्या अर्ध्या गालाला!

अपो तिनोंनी काठी जमिनीवर आपटली.

“छान झालं,” ते म्हणाले. “आता मला म्हाताऱ्याला एवढंच सांगा. उद्या उजाडायच्या आत कोणाचा कोंबडा कोणाशी झुंजणार?”

कार्पोने गिल्दोकडे बघितलं. गिल्दोने कार्पोकडे. मग दोघांनी आजूबाजूच्या फितींकडे बघितलं. छातीछातीवर गुलाबी फीत. एकाचाही कोंबडा आता दुसऱ्याच्या कोंबड्यापुढे उभा राहणार नव्हता. पहाटेची झुंज गेली, दुपारचीही गेली, आणि नवव्या कॅम्पातल्या आपसातल्या सगळ्याच झुंजी तिथे अंगणात संपल्या.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “देवा रे.”

गिल्दो बायकोकडे वळला. “पोसिंग! तू मला फसवलंस.”

“मी?” पोसिंगने रिकामी टोपली काखेत घेतली. “मी पोरीला नाव दिलं. कोंपारे कोंपारे करत मिठ्या कोणी मारल्या?”

कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू पायऱ्यांवरून पसरत गेलं, पत्त्यांच्या खोलीतले लोक बाहेर येऊन विचारायला लागले की मेलं कोण आणि जिंकलं कोण. कार्पो मात्र हसत नव्हता. तो पोरीला खांद्यावर घेऊन उभा होता.

“कोंपारे,” तो गिल्दोला म्हणाला, “एक सांगू? आठवडाभर माझा वस्तरा भलतीकडेच जात होता. खुर्ची गेली तर मी उभ्याने कोणाची हजामत करणार? लोकांचे कान वाचले हेच नशीब.”

गिल्दोने मान खाली घातली. “मी मशीनकडे बघतच नव्हतो, कोंपारे. पाठ करून जेवत होतो.”

“गाढवं आहोत आपण.”

“हो. पण आता नात्यातली गाढवं.”

दुसऱ्या दिवशी पाद्री आला तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर फितीवाल्यांची रांग बघून त्याला वाटलं, आपल्या प्रवचनांचा गुण आला. त्याने एवढ्या धर्मबापांना नावं विचारता विचारता घसा सुकवला. बाहेर आंब्याखाली हेनेराल आणि बिशप एकाच फांदीला बांधलेले होते, हाताच्या अंतरावर, एकमेकांवर मान फुगवत. बिचाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं की ते आता चुलतभाऊ झालेत.

लोकांनी गिल्दोला चिडवायचं ते चिडवलंच. बायकोच्या ताटाखालचं मांजर झाला म्हणाले. गिल्दो म्हणायचा, “ताट तिचं आहे, पण भातही तिचाच आहे.” मशीन पुन्हा कधी कुठल्या पैजेला लागलं नाही. तो दोऱ्याचा डबा मात्र पोसिंगने उंच फळीवर ठेवला, विश्वास वेगळा आणि डबा वेगळा. कान्देलारियाचं जावळ निघालं ते त्या लाल खुर्चीत. कार्पोने एवढं हळू काढलं की पोर मध्येच झोपून गेली. त्यानंतर तो कुणाही गिऱ्हाइकाला आधी पोरीची हकीकत सांगायचा आणि मगच वस्तरा हातात घ्यायचा. दाढीला गेलेला माणूस जेवणाच्या वेळेलाच परत यायचा.

व्यसन गेलं का? अहो, व्यसन कुठे जातं! नदीपलीकडच्या कॅम्पात झुंजी चालायच्याच. पावसाळा सरला तसे कोंपारे मंडळी पायरीवर बसून कुजबुजायला लागली. हेनेराल आणि बिशप आता एकाच बाजूने. सारखंच तेल, सारखाच धूर, आणि मांड्या चोळायला दोन बाप. एका रविवारी सगळे निघाले, तोंडं अशी की जशी वरातच.

“पलीकडच्या कॅम्पात जातोय, मानांग,” कार्पो दारातून म्हणाला. “मशीनबिशीन काही नाही हं. नुसती गंमत. तिथे आपलं कोणी नात्यातलं नाही, त्यामुळे अडचण नाही.”

पोसिंग गुलाबी कापडाच्या फितींना दुमड घालत होती. तिने पाय थांबवला, मान वर केली, आणि एक हात आपल्या पोटावरून सावकाश फिरवला.

“अजून नाही,” ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.